गुडघ्यांचे प्रमाणपत्र आणि नाचाचा तास

गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय त्रेपन्न. माझ्या दोन्ही मुलांना पहिली अक्षरे त्यांनीच गिरवायला लावली असल्यामुळे आमच्या घरात लहानथोर सगळेच त्यांना 'बाई' म्हणतात. बाईंचे गुडघे दोन-तीन वर्षांपासून कुरकुरत आहेत. त्या दिवशी मात्र त्यांना औषध नको होते. "डॉक्टर, गुडघ्यांमुळे मला नाच शिकवता येणार नाही, असं एक प्रमाणपत्र द्या," त्या म्हणाल्या. नव्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास नृत्य आणि हालचालींसाठी राखला होता आणि दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता.

बाहेर रुग्णांची रांग होती. मी जुनी क्ष-किरण तपासणी पाहिली, गुडघे दोनदा वाकवून पाहिले आणि दोन मिनिटांत प्रमाणपत्र लिहून दिले. पंधरा दिवसांनी बाई रक्तदाब दाखवायला आल्या. पर्समधून फाईल काढताना तोच कागद घडी घातलेला खाली पडला.

"अजून दिला नाहीत?" मी विचारले.

"नाही. धीर झाला नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "खरं सांगू का, गुडघ्यांचं एवढं काही नाही. मला नाचता येत नाही. जे आपल्याला येत नाही, ते पस्तीस मुलांना काय शिकवायचं?"

चौथीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाचातून त्यांना काढून टाकले होते. उंची जास्त, त्यामुळे ओळ बिघडते, एवढेच कारण. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलला. मला माझ्याच सहीची लाज वाटली. झिजेच्या गुडघ्याला बेताची, नियमित हालचाल हेच पहिले औषध, हे मी रोज दहा रुग्णांना सांगतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो, हेही सांगतो. आणि इथे मीच हालचालीतून सुटका लिहून दिली होती. तीही दुखणे नीट न विचारता.

वाचकांपैकी अनेकांना वाटेल, आरोग्याच्या पाक्षिकात शाळेच्या वेळापत्रकाचे काय काम? काम आहे, आणि ते विशेषकरून घरातील ज्येष्ठांचे आहे. तिथवर जाण्यापूर्वी बाईंची अडचण समजून घेऊ.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानंतर २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्यात चित्र, नाट्य व संगीताच्या जोडीला नृत्य आणि हालचालीही आल्या. हे स्वागतार्हच आहे. आता शिकवणार कोण, ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला अशी तरतूद नाही. तिथे साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असा हिशेब. म्हणजे जी बाई सकाळी वाचन घेते, दुपारी वजाबाकी घेते, पोषण आहाराची नोंद ठेवते, तिनेच नाचही शिकवायचा. बालभारतीची 'खेळू, करू, शिकू' ही पुस्तके चांगली आहेत, परंतु अंग हलवायची भीती पुस्तकाने जात नाही.

या भीतीचे मूळ आपल्या डोक्यातील 'शाळेतला नाच' या चित्रात आहे. डिसेंबर उजाडला की चित्रपटातील एक गाणे निवडायचे, तीन आठवडे तालीम करायची, ज्यांना जमते त्यांना पुढच्या रांगेत, ज्यांना जमत नाही त्यांना मागे किंवा झाड करून कोपऱ्यात उभे करायचे. भाड्याचे पोशाख, गालाला लाली आणि पालकांचे मोबाइल. यात आनंद नसतो असे मी म्हणणार नाही. माझ्या मुलीचा कोळीनृत्यातला फोटो आजही आमच्या दिवाणखान्यात आहे. पण यात मूल बसवलेली पावले उचलते, आणि शिक्षकाला ती पावले आधी स्वतःला यावी लागतात. नाच म्हणजे एवढेच असेल, तर बाईंची भीती रास्त ठरते.

सर्जनशील हालचालींचा तास याहून वेगळा असतो. या विषयात रुडॉल्फ लाबान यांचे नाव आदराने घेतले जाते. मूळचे हंगेरीच्या राज्यातील, जर्मनीत नावारूपाला आलेले आणि १९३८ मध्ये इंग्लंडला गेलेले हे नृत्यचिंतक. त्यांचे शिक्षकांसाठीचे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या विचाराचे सार मी बाईंना माझ्या भाषेत सांगितले ते असे: शरीराचा कोणता भाग हलतो आहे, तो कुठे जातो आहे, किती जोराने आणि किती वेगाने, आणि कोणाच्या सोबतीने. एवढे चार-पाच प्रश्न हाती असले की पावले शिकवावी लागत नाहीत. शिक्षक प्रश्न विचारतो, मूल अंगाने उत्तर देते. पिंपळाचे पान फांदीवरून खाली कसे येते? दगड कसा येतो? घोट्यापर्यंतच्या चिखलातून कसे चालाल, आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी कसे चालाल? या प्रश्नांना चुकीचे उत्तर नसते, आणि शिक्षकाने खुर्चीतून उठण्याचीही गरज नसते. इंग्लंडमध्ये तर १९३० च्या दशकापासून बीबीसी रेडिओवरून शाळांसाठी संगीत आणि हालचालींचे पाठ होत असत. वर्गातील शिक्षिकेने रेडिओ लावायचा आणि मुलांवर लक्ष ठेवायचे. नर्तक नसलेल्या शिक्षकाला हाताशी काहीतरी दिले पाहिजे, हे तिथे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आले होते.

आपल्याकडे रेडिओची गरज नाही. आपल्याकडे आजी-आजोबा आहेत.

हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. बाईंनीच पहिल्या तासाची फजिती मला सांगितली. वर्गातील बाके भिंतीला लावली, "वारा व्हा" म्हणाल्या आणि पस्तीस वारे एकाच वेळी सुटले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, एकाच्या कपाळाला टेंगूळ आले, आणि ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी टेंगूळ आलेल्या मुलाची आजी शाळेत आली. बाईंना वाटले, भांडायला आली. आजींनी काय चालले होते ते विचारून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, पोरांना आधी गोल धरायला शिकवा. भोंडल्याला आम्ही पन्नास जणी फिरायचो, कधी कोणी कोणावर आपटलं नाही."

कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात सांगावी अशी ही गोष्ट आहे. फेर धरला की प्रत्येकाला जागा मिळते, प्रत्येकाला प्रत्येक दिसतो, पुढची रांग आणि मागची रांग उरत नाही. उंच मुलीमुळे फेर बिघडत नाही. आश्विनात हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून त्याभोवती फिरणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे कोणत्याही पुस्तकाविना जपले. मंगळागौरीचे खेळ पाहा. झिम्म्यात टाळी आणि पाऊल यांची जुळणी आहे, पिंग्यात कंबर आणि मान आहे, लाट्यांत अंग घुसळणे आहे, कोंबड्यात उकिडवे बसून उड्या आहेत, सूप नाचवताना मनगट आणि नजर एकत्र चालतात. शरीर, जागा, जोर, वेग, सोबत. लाबान यांनी मांडलेले सगळे प्रश्न इथे आधीच सोडवलेले आहेत.

त्या आजी पुढच्या तासाला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, रक्तदाबाची गोळी चालू. त्या बाईंच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या जागेवरून झिम्म्याच्या टाळ्या शिकवू लागल्या. वर्गातील मुलगे प्रथम लाजले. "हे मुलींचं आहे," एक जण म्हणाला. त्यावर बाईंनी दुसऱ्या एका मुलाच्या आजोबांना बोलावले. दर आषाढात पंढरीची वाट चालणारे ते आजोबा टाळ घेऊन आले आणि त्यांनी पावली दाखवली. दोन पावले पुढे, एक मागे, वाकून पुन्हा उठायचे. त्यानंतर मुलग्यांपैकी कोणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. ज्यांच्या गावात धनगरांचे गजनृत्य आहे, डहाणू-जव्हारकडे तारपा आहे, किंवा नुसते लेझीम आहे, त्यांच्याकडे याहून मोठा खजिना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणातील माणसे शाळेत नेण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. शिक्षकाने निरोप पाठवावा आणि ज्येष्ठांनी 'आम्हांला काय येतंय' असे म्हणू नये.

हा वर्ग पाहायला मी श्रावणात एकदा गेलो. निमित्त मुलांच्या आरोग्य तपासणीचे होते. खरे कारण प्रमाणपत्राची टोचणी. त्या वर्गात मेंदूच्या पक्षाघाताचा एक मुलगा आहे. डावा हात आणि डावा पाय आखडलेले, बुद्धी उत्तम. मी त्याला तीन वर्षांचा असल्यापासून ओळखतो. मागच्या वर्षीच्या संमेलनात तो काय करत होता, असे मी त्याच्या आईला विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "चपला राखत होता." त्या दिवशी बाईंनी पानाचा प्रश्न विचारला. पस्तीस मुले आपापल्या परीने गळू लागली. हा मुलगा भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने फक्त उजवा हात वर नेला. तो हात खाली यायला इतका वेळ लागला की शेजारची दोन मुले स्वतःचे गळणे विसरून त्याच्याकडे पाहत राहिली. नंतर त्याने डाव्या हाताचेही पान केले. ते अर्ध्यावर अडकले. "हे फांदीत अडकलंय," तो म्हणाला. त्या हाताचे व्यायाम करवून घेताना त्याच्या आईच्या नाकी नऊ येतात, हे मला माहीत आहे. त्या तासात त्याने तो हात मी मोजला तेव्हा अकरा वेळा वर नेला.

यातून हात सरळ होईल असे मी म्हणत नाही. उपचार उपचारांच्या जागी चालूच राहिले पाहिजेत.

शाळेत नाच कशाला, असा सूर काही घरांतून निघाला. आणि मला सांगायला खेद होतो, तो बहुधा आजोबांकडून निघाला. 'पाढे पाठ नाहीत आणि नाचतात,' असे एक गृहस्थ मुख्याध्यापकांना सांगून आले. ते माझेच रुग्ण. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. मी त्यांना एवढेच सांगितले की हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत जमा होते आणि पुढे ती खर्चच होत जाते. त्या जमेतील फार मोठा वाटा बालपण आणि किशोरवयात पडतो, आणि उड्या मारणे, ठेका धरणे, अंगाचा भार पायांवर झेलणे या गोष्टी हाडाला बळकट व्हायला भाग पाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे चांगली दमवणारी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी. बाकावर बसून पाढे म्हणताना हे होत नाही. पाढे ठेक्यावर म्हणत फेर धरला तर दोन्ही होते. ही युक्ती बाईंची.

आता ज्येष्ठांच्या फायद्याचे. त्याच मार्गदर्शनात पासष्टीच्या पुढील व्यक्तींना तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली आठवड्यातून तीन दिवस तरी कराव्यात असे सांगितले आहे. हेतू पडणे टाळण्याचा. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले, आणि शारीरिक हालचालींपैकी असा संबंध फक्त नृत्यात दिसला. अशा निरीक्षणावरून नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो असे ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत, तेच नाचत असतील हेही शक्य आहे. पण ठेका ऐकणे, पाऊल आठवणे, शेजारच्याचा हात सांभाळणे आणि तोल राखणे या चार गोष्टी एका वेळी मागणारा दुसरा कोणता स्वस्त व्यायाम असेल, तर तो मला ठाऊक नाही.

माझ्याकडून शाळेला जी मदत झाली ती साधी होती. बाईंच्या घशासाठी मी खंजिरी सुचवली. शिक्षकांना स्वरतंतूंचे विकार फार होतात, आणि मोकळ्या जागेत पस्तीस मुलांवर आवाज चढवणे हा त्याकडे जाणारा जवळचा रस्ता. खंजिरी वाजते आहे तोवर हलायचे, थांबली की जागीच पुतळा व्हायचे. मुलांना हा खेळ वाटतो आणि बाईंना दम घ्यायला मिळतो. दुसरे, फरशी. शहाबादी फरशीवर पायमोजे घालून नाचू देऊ नये. अनवाणी नाचावे, आणि पावसाळ्यात फरशी आधी कोरडी पुसून घ्यावी. तिसरे, दमा, फिट्स किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलांची नावे पालकांनी शिक्षकांना आपण होऊन सांगावीत. ही मुले बहुतेक वेळा सहभागी होऊ शकतात. फक्त दम्याचा पंप दप्तरात न राहता बाईंच्या टेबलावर असावा. फुगडी खेळायची तर जोडी सारख्या उंचीची आणि वजनाची हवी, बोटांऐवजी मनगटे धरावीत आणि खाली माती किंवा गवत असावे. घरातील पाच वर्षांखालील नातवंडाला मात्र हात धरून गरगर फिरवू नये. अशा ओढीने कोपराचा सांधा निसटलेली मुले मी दर सणासुदीला पाहतो, आणि फिरवणारे बहुधा आजोबाच असतात.

शाळेत जाणाऱ्या ज्येष्ठांनी हातांची खुर्ची मागून घ्यावी आणि नवे पाऊल खुर्चीच्या पाठीला धरून करावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बसल्या जागेवरून एकदम उठू नये. मान वळवली की घेरी येते, अशांनी गिरक्यांपासून दूर राहावे. छातीत दडपण, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे. छातीतील दडपण बसूनही ओसरले नाही तर 'जरा बसलो की बरं वाटेल' असे म्हणत घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे. सांभाळ करणाऱ्या सुना-मुलांना माझे एक सांगणे आहे. आईला शाळेत सोडायला जाल तेव्हा तिचा चष्मा आणि मागे पट्टा असलेली चप्पल विसरू नका. सपाता घालून पाठवू नका.

बाईंचे गुडघे आज कसे आहेत, असे कोणी विचारले तर पूर्वीपेक्षा थोडे बरे. त्या रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम करतात, आणि आठवड्याच्या त्या तासाला फेराच्या कडेने चालतात. नाचता येत नाही, असे त्या अजूनही म्हणतात. डिसेंबरच्या संमेलनात त्यांच्या वर्गाने चित्रपटाचे गाणे घेतले नाही. मुलांनी पाऊस केला. सगळी पस्तीस मुले रंगमंचावर होती. चपला राखायला एका शिपाईमामांना बसवले होते.

गेल्या आठवड्यात बाई पुन्हा प्रमाणपत्रासाठी आल्या, या खेपेस त्या आजींना घेऊन. मुख्याध्यापकांनी सांगितले होते की आजी नियमित येणार असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मी बाहेरची रांग थांबवली. आजींचा रक्तदाब बसवून आणि मग उभे करून मोजला, डोळे तपासले, एका पायावर किती वेळ उभ्या राहतात ते पाहिले, मागे पडल्या होत्या का ते विचारले. मग लिहिले: टाळ्या, झिम्मा, सूप नाचवणे, सर्व खुर्चीत बसून, फेरात चालताना एका हाताला आधार, फुगडी नाही.

आजींनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले.

"डॉक्टर, बसफुगडी तरी?"

बसफुगडी गुडघ्यांना त्याहून वाईट, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटलेले दिसले नाही.